चिमणीच्या दातानं

पेक. पिकोतेआर. टिपणे.

"आणि हे?" नूरियानं पुढचं कार्ड माझ्या नाकापुढे धरलं.

गाडी इंदापूर ओलांडून पुढे आली होती. कार्डावर तिनंच रंगवलेली चिमणी, चोचीखाली चार दाणे. वरच्या ओळीत इंग्रजी शब्द, मधल्या ओळीत स्पॅनिश. खालची ओळ रिकामी. ती मी भरायची.

"टिपणे," मी म्हणाले. "चिमणी दाणे टिपते."

"टि-प-णे." तिनं रोमन लिपीत लिहून घेतलं. "आणि उंदीर? नॉ, रोएर?"

"कुरतडणे."

"कु-र-त..." जीभ अडखळली तशी ती हसली. "हा शब्दच मला कुरतडतोय, चारू."

आम्ही स्पॅनिशमध्ये बोलत होतो. नूरिया स्पेनमधल्या सारागोसा शहरात लहान मुलांना इंग्रजी शिकवायची. वर्गाच्या भिंतीवर लावायला ती एक तक्ता करत होती: कोणता प्राणी कसे छोटे छोटे घास घेतो. ससा, उंदीर, चिमणी, तळ्यातला मासा. इकडे आल्यावर तिला त्यात मराठीची ओळ घालावीशी वाटली. ही भाषा चार वर्षांची होईपर्यंत तिच्या तोंडात होती. मग ती विमानात बसली आणि भाषा खालीच राहिली.

ड्रायव्हर नवनाथ आरशातून बघत होता. "मॅडम, ह्या बाई शाळेत जातात का अजून?"

"शिकवतात."

"मग बरोबर. माझी पोरगीबी अशीच. चित्रं दाखवून दाखवून डोकं खाती."

"काय म्हणाला?" नूरियानं विचारलं. आमचं ठरलं होतं: जे बोललं जाईल ते सगळं तिला सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. मी दुभाषी, माझ्या पदरचं काही घालायचं नाही. म्हणून सांगितलं की नवनाथची मुलगी त्याचं डोकं खाते.

"विचार त्याला, मोठ्या घासांनी की छोट्या?"

नवनाथ एवढा हसला की मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.

निबल. मोर्दिस्केआर.

टेंभुर्णीला चहाला थांबलो. टपरीवर काचेच्या बरणीत गुडदाणी होती, गूळ-शेंगदाण्याच्या चौकोनी वड्या. नूरिया बरणीपाशी जाऊन उभी राहिली ती हलेचना. मी एक वडी घेऊन तिच्या हातात दिली.

तिनं गळ्यातल्या ओढणीचं टोक घेतलं, वडी त्यात गुंडाळली, कापडावरूनच दात लावला आणि कट्कन तोडली. ओढणी उलगडली. मोठा तुकडा माझ्या हातात दिला, चिमुकला आपल्या तोंडात टाकला.

नवनाथचा चहाचा ग्लास ओठांपाशीच राहिला. "अरे तिच्या! बाई चिमणीच्या दातानं तोडतात की!"

"कुणी शिकवलं हे तुला?" मी विचारलं.

"हे?" ती ओशाळली. ओढणीवरचा गुळाचा डाग बोटानं घासू लागली. "कुणी नाही. माझी वाईट खोड आहे. लहानपणी जेवताना मी असंच करायची, टेबलावरच्या रुमालानं. पाव, चॉकलेट, सफरचंद, सगळंच. आईनं किती समजावलं. मग दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दात चांगले आहेत, मुलगीच विचित्र आहे." ती हसली. "इंग्रजीत शब्द शोधला, स्पॅनिशमध्ये शोधला. निबल म्हणावं तर तसं नाही. मोर्दिस्केआर म्हणावं तर कापड कुठं गेलं? मला वाटायचं, ज्या गोष्टीला शब्द नाही ती फक्त माझीच असणार."

"शब्द आहे," मी म्हणाले.

(वरची ओळ कोरी. मधली कोरी.) चिमणीच्या दातानं.

मी तिला समजावून सांगितलं. आपल्याकडे तोंड लागलेलं खाणं उष्टं होतं. उष्टं दुसऱ्याला देऊ नये. पण मुलांकडे पेरू एक असतो, गोळी एक असते आणि खाणारे दोघं. मग मुलांनीच त्यातून वाट काढलेली. मध्ये कापड धरायचं. कापडावरून तोडलं की ते आपण तोडलंच नाही, चिमणीनं तोडलं. चिमणीच्या दातानं तोडलेलं उष्टं होत नाही.

"पण चिमणीला दात नसतात."

"ते मुलांना कुठं माहीत असतं?"

तक्त्यासाठीचं एक कोरं कार्ड तिच्या हातात होतं. त्यावर तिनं काही लिहिलं नाही. पुन्हा पिशवीत ठेवलं.

"म्हणजे," गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "हे एकट्यानं करायचं काम नाही. समोर दुसरं कुणीतरी असावं लागतं."

"हो."

"म्हणजे कुणीतरी होतं."

तेच तर शोधायला आम्ही बार्शीला निघालो होतो. आदल्या दिवशी पुण्यात द्वारकाबाई भेटल्या होत्या. ज्या संस्थेतून नूरिया दत्तक गेली तिथं त्या पूर्वी आया होत्या. आता दम्यानं घरी बसून असतात. त्यांनी नूरियाचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "छबू गं ही! बार्शीकडची. आई गेली तेव्हा मामानं आणून सोडली. मोठीला ठेवून घेतली, कामाची होती ना. मोठी शालन. फाटकापतुर आली होती हिला पोचवायला. लग्न झाल्यावर परत एकदा आली होती, एकटीच. 'आमची छबू कुठं हाय' म्हणून. मी सांगितलं, लांब गेली, सुखात हाय. तर फाटकाला धरून उभीच राहिली बाई. बार्शीतल्या गिरणीवाल्या ढवळ्यांची सून ती. बघा, असली तर असंल तिथंच."

मॉर्सल. बोकादो. घास.

कुर्डुवाडी मागे पडल्यावर नूरिया आपणहून बोलली. डोळे मिटून, आठवणीवरचं धुकं हलू नये अशा बेतानं.

"मला एक फाटक आठवतं. हिरवं. आणि एक परकर, त्याचं टोक नेहमी चिकट. चेहरा आठवत नाही. तू शब्द सांगितलास आणि आठवलं: ती कापड धरायची, तोडायची, मला द्यायची. रोज तोडायची. पण फाटकापाशी तिनं तोडलं नाही. अख्खी वडी माझ्या हातावर ठेवली. मी ती तिच्याकडे परत करत राहिले, तोड म्हणून. ती तोडेना. तेव्हा मी रडले. आई जाताना रडले नसेन एवढी." तिनं डोळे उघडले. "मला अजून काही अख्खं खाता येत नाही, चारू. कुणी अख्खं दिलं की वाटतं, आता हे माणूस जाणार."

नवनाथला स्पॅनिश कळत नव्हतं, पण त्यानं गाडीतलं गाणं बंद केलं.

"तिच्याकडून तुला काय हवंय?" मी विचारलं.

"काही नाही. फक्त 'हो' म्हणावं. एकदा."

चावा

ढवळ्यांची गिरणी गल्लीच्या तोंडाशी होती, घर तिला लागूनच. पट्टा धडधडत होता, हवेत ज्वारीच्या पिठाचा वास. ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला सारलं.

"कोन पायजे?"

"शालनताई आहेत का? पुण्याहून आलोय."

"इम्याचं हाय का?"

"नाही."

"मंग बचत गटाचं?"

"नाही आजी. त्यांच्याशी जरा बोलायचं होतं. एकटीशी."

"एकटीशी?" म्हातारीनं गिरणीकडे हात केला. "ह्या घरात ह्या बयेम्होरं कुनाला कुनाचं ऐकू येत न्हाई. माझ्याम्होरं बसून बोला. एकटीशीच बोलल्यागत हाय. शालन! ए शालन!"

शालन बाहेर आली. कोपरापर्यंत हात पिठानं पांढरे, भुवयाही पांढऱ्या. चाळिशीकडे झुकलेली, उंच बाई. दोघी एकमेकींसारख्या दिसत होत्या का, मला सांगता येणार नाही. नूरियाच्या अंगावर पँट आणि ओढणी, केस कापलेले. हिच्या डोक्यावर पदर. पण शालननं माझ्याकडे पाहिलंच नाही. आल्यापासून ती नूरियाकडेच बघत होती.

म्हातारी ओट्यावर, आम्ही दारात. मी शालनच्या कानाशी तोंड नेऊन, गिरणीच्या वर आवाज काढून ओरडले, "ही नूरिया! लहानपणी पुण्याच्या संस्थेतून परदेशी दत्तक गेली!"

शालनचा पिठाचा हात वर आला. नूरियाच्या हनुवटीपाशी येऊन थांबला. तिचे ओठ हलले. ती काहीतरी म्हणणार होती, यात मला आजही शंका नाही.

"हिला वाटतं, तुम्ही..."

आणि लाईट गेली. पट्टा दोनदा फटफटला, थांबला. साऱ्या गल्लीत एकदम शांतता, आणि त्या शांततेत माझा गिरणीच्या वरचा आवाज:

"...हिची मोठी बहीण आहात!"

समोरच्या घराच्या खिडकीत एक डोकं दिसलं. गिरणीत दळण घेऊन बसलेल्या बायका वळल्या. गिरणीच्या दारात ढवळे, शालनचे मालक, येऊन उभे राहिले, हातात पिठाचा कुंचा.

"कुनाची भैन?" म्हातारी म्हणाली.

शालनचा हात खाली गेला. तो तिनं पदराला पुसला, दोनदा.

"माझी बहीन तापानं गेली, आत्याबाई. तुमाला ठावं हाय की."

"ठावं हाय तर!" म्हातारी माझ्याकडे वळली. रागावली नव्हती, चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यांना वाट दाखवावी तशी सांगत होती. "बाई, तुमचं घर चुकलंया. हिची आई गेली, धाकटी ताप यिऊन गेली. मामानं हिला पोटच्या पोरीवानी वाढवली, हितं दिली. द्येवमानूस. आता आमची नात, हिची पोर, त्याच घरात देतुया. मामाच्या नातवाला. पुढल्या म्हयन्यात लगीन हाय. सोयरीक कराया नशीब लागतं!"

मी हे सगळं नूरियाला सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. मामानं गावाला काय सांगितलं होतं, ते तिला तिथं, त्या दारात कळलं. ती मेली होती. ताप येऊन. आणि त्या मरणावर आता एक लग्न उभं होतं.

"विचार," नूरिया म्हणाली. "तिच्या बहिणीचं नाव काय होतं."

"छबू," शालन म्हणाली.

"कधी गेली?"

शालन जमिनीकडे बघत म्हणाली, "मामांनी सांगितलं तवा."

तेही मी तसंच्या तसं सांगितलं. नूरियानं माझा दंड धरला. तिची नखं लागली.

"शेवटचं विचार. तिला त्रास झाला का?"

शालननं वर पाहिलं. डोळे कोरडे होते.

"उपाशी गेली न्हाई," ती म्हणाली. "येवडं सांगा तिला."

बाइट. मोर्दिस्को. (खालची ओळ मी भरली नाही.)

"आता दारातनं तसंच जाऊ नगा," म्हातारी म्हणाली. "लग्नाचं घर हाय. शालन, गुडदानी आन. घरच्या शेंगांची हाय, पावनं. टेंभुर्नीच्या टपरीवानी सोड्याची न्हाई."

शालन आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज नाही.

ती ताटलीत तीन वड्या घेऊन आली. एक मला दिली. एक गाडीपाशी उभ्या नवनाथला नेऊन दिली. "ताई, मला कशापायी?" म्हणत त्यानं ती घेतली. तिसरी घेऊन ती नूरियासमोर आली. आणि आमच्याकडे पाठ न करता, सासूच्या देखत, तिनं पदराचं टोक पुढे घेतलं, वडी त्यात धरली आणि दातानं तोडली.

कट्.

मोठा तुकडा नूरियाच्या हातावर ठेवला. छोटा मुठीत धरला.

"अगं!" म्हातारी खेकसली. "पाव्हनीला अख्खी दे की! भिकाऱ्यागत तुकडा काय देतीस? काय म्हनत्याल ती मानसं?"

"अख्खी नको तिला," शालन म्हणाली.

"का नको?"

"नको. अख्खी नको."

मी नूरियाकडे वळले. मी तोंड उघडण्याआधी तिनंच विचारलं, "काय म्हणाली?"

"अख्खी नको तिला, म्हणाली."

नूरियानं दोन्ही हात जुळवून तो तुकडा धरला. रडली नाही. तिनं शालनकडे पाहिलं आणि आज सकाळपासून मी शिकवत होते त्यांपैकी एकही शब्द न वापरता फक्त मान हलवली. शालननंही हलवली. तेवढंच. लाईट आली. पट्टा पुन्हा सुरू झाला. आता कुणी काही बोललं असतं तरी ऐकू गेलं नसतं, पण आता गल्ली बघत होती.

परतीचा रस्ता

नूरियानं तुकडा खाल्ला नाही. ओढणीच्या टोकात बांधला, गाठ मारली आणि मांडीवर ठेवून बसली.

"खा की," मी म्हणाले.

"तिनं नाही खाल्ला. मुठीत ठेवला. तू पाहिलंस ना? त्यांच्यासमोर तिला खाता आला नाही." ती खिडकीबाहेर बघत होती. उसाच्या ट्रॉल्या मागे पडत होत्या. "वाटा दोघींचा आहे. तिनं खाल्ला की मी खाईन."

"तुला कळणार कसं?"

"कळेल."

"तिनं 'हो' म्हटलं नाही, नूरिया. राग नाही आला तुला?"

"म्हटलं की," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पण मला ते कानानं ऐकायचं होतं."

टेंभुर्णीला नवनाथनं न विचारता गाडी सरळ पुढे काढली.

कण

दोन उन्हाळे गेले. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे गिरणीची धडधड.

"ताई, मी शालन बोलती. बार्शीची. तुमच्या डायवरनं तवा नंबर दिलता."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. का, ते माहीत नाही.

"मामा गेले," ती म्हणाली. "परवा दहावा झाला."

"मग आता," मी म्हणाले, "आता बोलावू का तिला? ती येईल, शालनताई. सांगितल्याबरोबर येईल."

तिनं कुणाला तरी दळण काढायला सांगितलं, मग फोनवर आली.

"नगा. पोर त्याच घरात नांदती. दिवस गेल्यात तिला. तिच्या सासूला कळलं की मामानं जिती पोर मेली म्हनून सांगितली, आनि मला ठावं हुतं, तर माझ्या पोरीचं काय करतील? नगा. येऊ नगा म्हनावं." ती थांबली. "येकच इचारायचं हुतं. त्या दिशी दिलेलं तिनं खाल्लं का हो?"

"विचारून सांगते," मी म्हणाले.

सारागोसात तेव्हा सकाळ होती. नूरिया शाळेत निघाली होती. मी मामा गेल्याचं सांगितलं, येऊ नको हे सांगितलं, आणि प्रश्न सांगितला.

"मी तो ओढणीतच ठेवला होता," ती म्हणाली. "कपाटाच्या खणात. मागच्या वर्षी मला ताप आला तेव्हा आई राहायला आली. तिनं घर आवरलं. ओढणी चिकट लागली म्हणून गाठ न सोडताच मशीनला लावली, गाठ आतच सुटली." ती हसल्यासारखं करत होती. "इतकी स्वच्छ धुतली, चारू. इस्त्री करून घडी घातली. शेंगदाण्याचे चार दाणे मशीनच्या जाळीत सापडले. तिला काय बोलणार? तिनं मायेनंच केलं."

"शालनताईंना काय सांगू?"

"सांग, खाल्लं."

तिनं सांगितलं तेच मी सांगायचं, हे आमचं ठरलेलं होतं. मी बार्शीला फोन लावला. गिरणीचा आवाज होता, मग लांब गेला; ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली असावी. दार लागलं.

"नूरिया म्हणाली, खाल्लं."

"खाल्लं?"

"हो. खाल्लं म्हणाली."

"बरं झालं," शालन म्हणाली. "मी थांबलीवती."

डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग कापडाचा. मग, इतक्या दिवसांत दगड झालेल्या गुळावर दात बसल्याचा.

कट्.

त्या दिवशी बार्शीत लाईट आणखी थोडा वेळ टिकली असती तर, असं मला अजून वाटतं. फोन तिनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही. ती सावकाश, पुरवून पुरवून चावत होती, आणि मी ते संपेपर्यंत ऐकत राहिले.